रेझ्युमेत कामाचे वर्णन लिहिताना क्रियापद जपून निवडा

बी.कॉम. झाल्यावर मी नाशिकच्या एका सीए कार्यालयात दोन वर्षे काम केले आणि नवी नोकरी शोधताना रेझ्युमेत पहिली ओळ लिहिली, ‘हँडल्ड जीएसटी रिटर्न्स’. ही ओळ मी एका सीनियरच्या रेझ्युमेतून जशीच्या तशी उचलली होती. ‘सगळे असेच लिहितात, कोण विचारतो’ असे त्यांनी सांगितले होते. चाकणच्या एका कंपनीतील मुलाखतीत अकाउंट्स मॅनेजरनी नेमके त्याच ओळीवर पेन टेकवले आणि विचारले, ‘तात्पुरते परत केलेले क्रेडिट जीएसटीआर-३बीच्या तक्ता ४ मध्ये तुम्ही कोठे दाखवत होता?’ जीएसटीआर-३बी म्हणजे कर भरण्याचे सारांश रिटर्न आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट. मी तो तक्ता स्वतः कधी भरलाच नव्हता. त्यानंतर मी इतकी गडबडले की मला जे खरोखर येत होते, तेही नीट सांगता आले नाही.

नवीन मुलांनी हा सापळा नीट समजून घ्यावा, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. रिटर्न हे एका माणसाचे एक काम नसते. मासिक रिटर्न भरणारे पुरवठादार ११ तारखेपर्यंत आपले जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे रिटर्न, भरतात, त्यावरून १४ तारखेला आपली जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्याला मिळू शकणाऱ्या क्रेडिटची यादी, तयार होते, ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील खरेदीशी जुळवावी लागते आणि मासिक रिटर्न असणाऱ्यांना २० तारखेपर्यंत ३बी भरावे लागते. या साखळीत माझे काम जुळवणीचे होते आणि क्रेडिट किती घ्यायचे, किती थांबवायचे हा निर्णय सरांचा होता. ‘हँडल्ड’ या एका शब्दाने मात्र मी सगळी साखळी स्वतःच्या नावावर घेतली, आणि समोरच्याने शेवटच्या कडीबद्दल विचारले यात त्यांची काहीच चूक नव्हती. तुमच्या रेझ्युमेतील प्रत्येक क्रियापदावर एक प्रश्न येणार, हे धरूनच चाला.

घाबरून मी दुसरे टोक गाठले आणि ‘खरेदी बिलांची डेटा एंट्री’ एवढेच लिहिले. तीन महिने एकही फोन आला नाही. तेही खोटेच होते, कारण माझे काम तेवढेच नव्हते. एका फॅब्रिकेशनच्या अशिलाचे १ लाखाचे बिल २बीत काही केल्या येत नव्हते. फोन करून करून मी शोधून काढले की पुरवठादाराने ते बी-टू-सी, म्हणजे जीएसटी क्रमांक नसलेल्या ग्राहकाला केलेल्या, विक्रीत दाखवले होते. त्यांनी दुरुस्ती केल्यावर अशिलाला १८ टक्क्यांप्रमाणे १८,००० रुपयांचे क्रेडिट मिळाले. तुमच्याही कामात असे काहीतरी नक्की असेल, म्हणून काम लहान वाटते म्हणून ते पुसून टाकू नका.

पैसे देऊन रेझ्युमे लिहून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तुम्ही १५ तारखेला टेबलाशी बसून काय करत होता, हे त्या लिहिणाऱ्याला माहीत नसते. ‘कामात ४० टक्के सुधारणा’ असले आकडेही, स्वतः मोजून दाखवता येत नसतील तर, लिहू नयेत. माझा आग्रह असा की रेझ्युमे इंग्रजीत द्यायचा असला तरी ओळ आधी मराठीत लिहावी. मराठीत ‘रिटर्न हाताळले’ असे लिहिले की ‘म्हणजे नक्की काय केले?’ हा प्रश्न आपला आपल्यालाच पडतो आणि मग एंट्री केली, जुळवले, यादी केली, पाठपुरावा केला, तपासणीस दिले, अशी खरी क्रियापदे सुचू लागतात.

त्या पद्धतीने माझी ओळ अशी झाली : ‘सहा अशिलांची दरमहा सुमारे ३०० खरेदी बिले जीएसटीआर-२बीशी जुळवणे, न आलेल्या बिलांची पुरवठादारनिहाय यादी करून पाठपुरावा करणे आणि ३बीची फायलिंग.’ टॅली, जीएसटी, २बी हे शब्द त्यात राहू द्यावेत, कारण नोकरीच्या पोर्टलवर कंपन्या याच शब्दांनी शोध घेतात. ओळ कोणाला दाखवायचीच असेल तर ज्यांनी तुमचे काम रोज तपासले त्यांनाच दाखवा. रेझ्युमेवर भाषणे देणाऱ्यांपेक्षा त्यांचे दोन शब्द अधिक उपयोगी पडतात. मी संकोचत जुन्या सरांकडे गेले. त्यांनी बाकी सगळे तसेच ठेवले, शेवटच्या ‘फायलिंग’वर लाल रेघ मारली आणि वर लिहिले, ‘फायलिंगपूर्व आकडेवारी तयार करून तपासणीस देणे’. आजही माझ्या रेझ्युमेत तेच शब्द आहेत.