क्लासबाहेरच्या पाऊण तासातला क्रोशा
मुलं कराटेला आत गेली की बाहेर बसून अख्खी शाल विणायला घेऊ नका, चौकोन विणा. झिपच्या पिशवीत लोकरीचा एकच गुंडा, 4 मिमीची सुई, छोटी कात्री आणि दोन सेफ्टी पिना पुरतात. 4 साखळ्या (फासातून दोरा ओढून केलेले साधे टाके) घालून त्यांचं कडं करा, त्यात 3-3 खांबांचे (सुईवर एक वेढा घेऊन विणलेल्या उंच टाक्यांचे) चार गट (पहिल्या 3 साखळ्या म्हणजे एक खांब), कोपऱ्यांवर 2-2 साखळ्या. चार फेऱ्या झाल्या की बास.

मध्येच ‘आई, क्लास सुटला!’ अशी हाक आली तर विणकाम सुईसकट पिशवीत कोंबू नका. सुई निसटते आणि अर्धी फेरी उसवते. फास जरा मोठा ओढून त्यात पिन अडकवा. शेवटी दोरा 15 सेमी राखून कापा. आखूड टोक धुण्यात हमखास बाहेर येतं. आणि सुई शेवटपर्यंत तीच ठेवा, नाहीतर चौकोन लहानमोठे होऊन जोडताना चुण्या पडतात.