दित-दा-जाऊ कसं घालावं आणि कसं लावावं

मूग आमच्या घरात उसळीसाठीच यायचे. पाच किलो मूग आणून मी कॅनव्हासच्या पिशवीत शिवून टाकले आणि रोज पहाटे त्यावर हात आपटायला लागलो, तेव्हा आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "निदान निवडून तरी घ्यायचे होतेस."

हा सराव चीनचा. 'त्ये-शा-चांग', म्हणजे लोखंडी वाळूचा तळवा. १९२८ मध्ये नानजिंगला कुओशूची, म्हणजे चिनी युद्धकलेची, केंद्रीय संस्था निघाली आणि तिच्या वतीने उत्तरेकडचे पाच उस्ताद दक्षिणेत ग्वांगतुंगला शिकवायला गेले. 'उत्तरेचे पाच वाघ' म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्यातल्या कू यू-च्याँग यांचा विटांची चळत तळव्याने फोडतानाचा जुना फोटो हा सराव करणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. फोटोत विटा दिसतात. त्या हाताला रोज चोळलेलं औषध दिसत नाही, आणि हा लेख त्या औषधाचा आहे.

दित-दा-जाऊ हे त्याचं कँटोनी नाव. दित म्हणजे पडणं, दा म्हणजे मार बसणं, जाऊ म्हणजे दारू. मुक्या मारावर चोळायचा, दारूत मुरवलेला वनस्पतींचा अर्क. ग्वांगतुंग आणि हाँगकाँगमध्ये कुंग-फूचा गुरू आणि हाडवैद्य हा पुष्कळदा एकच माणूस असे. १८४७ साली जन्मलेले वाँग फेई-हुंग लढवय्ये म्हणून जेवढे प्रसिद्ध, तेवढेच त्यांच्या 'पो ची लाम' दवाखान्यासाठी. प्रत्येक घराण्याची जाऊची कृती वेगळी, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. अगदी आपल्या लोणच्यांसारखंच.

याने हात लोखंडाचा होतो, असं विकणारे सांगतात. नाही होत. हाडावर बेतशीर, पुन्हा पुन्हा भार आला की ते हळूहळू जुळवून घेतं, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं. ते काम भार करतो, बाटली नाही. चिनी वैद्यकात या औषधाचं काम 'रक्त चालतं करणं, साकळलेलं मोकळं करणं' असं सांगतात. माझ्या अनुभवात निम्मा गुण चोळण्याचा आहे. रोज दहा मिनिटं स्वतःचा हात इतक्या बारकाईने चाचपणारा माणूस दुखापत वेळेत ओळखतो, आणि ही गोष्ट कुठल्याही मुळीपेक्षा मोलाची आहे.

औषधं जमवा

एक लिटर दारूसाठी मी घेतो ते प्रमाण असं. सगळं मिळून साधारण सव्वाशे ग्रॅम होतं.

- रूश्यांग (सालईच्या जातीच्या झाडाची राळ): १० ग्रॅम
- मोयाओ (हिराबोळ): १० ग्रॅम
- होंगह्वा (करडईच्या वाळलेल्या पाकळ्या): १० ग्रॅम
- दांगग्वी-वेई (दांगग्वीच्या मुळाची शेपटी): १५ ग्रॅम
- छ्वानश्योंग (एक सुवासिक कंद): १० ग्रॅम
- छ्‌शाओ (तांबड्या पिओनीचं मूळ): १० ग्रॅम
- थाओरेन (पीचच्या कोयीतला गर): १० ग्रॅम
- सूमू (पतंगाचं लाकूड): १० ग्रॅम
- दाह्वांग (रेवंदचिनी): १० ग्रॅम
- गूस्वेइबू (नेच्याचा कंद) आणि श्यूद्वान (एक मूळ): प्रत्येकी १० ग्रॅम
- सानछी (जिनसेंगच्या जातीचं मूळ): ५ ग्रॅम
- श्वेज्ये (ड्रॅगन्स ब्लड नावाची लाल राळ): ५ ग्रॅम

यादी परकी वाटते, पण निम्मी ओळखीची निघते. करडई सोलापूर-मराठवाड्याची, आणि तिच्याच पाकळ्या केशर म्हणून गळ्यात मारल्या जातात. रेवंदचिनीच्या तर नावातच चीन आहे. पतंगाचं लाकूड म्हणजे केरळच्या खानावळीत जे गुलाबी पाणी मिळतं, त्याचा रंग. रूश्यांग मिळाला नाही तर सातपुड्यातल्या सालईचा डिंक घ्या, ती त्याच कुळातली. काष्ठौषधींच्या दुकानात नुसतं "बोळ द्या" म्हणू नका. काळा बोळ हातात पडेल, आणि तो कोरफडीचा वाळवलेला रस. हिराबोळ असंच नाव घेऊन मागा.

उरलेल्या मुळ्या चिनी औषधांच्या दुकानातूनच आणाव्या लागतात. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँगला राहणाऱ्यांना ते सोपं. इथे असाल तर तिकडून येणाऱ्या कुणाला तरी सांगायचं. सगळी नावं जुळली नाहीत म्हणून अडून बसू नका. दोन-तीन मुळ्या कमी पडल्या तर वगळा. त्यांच्या जागी अंदाजाने दुसरं काही मात्र घालू नका.

आता जे घालायचंच नाही ते. जुन्या कृतींमध्ये छ्वानवू, छाओवू आणि माछ्येनजी ही नावं हमखास असतात. पहिली दोन म्हणजे बचनागाची भावंडं. तिसरं म्हणजे काजऱ्याचं बी, ज्याला दुकानात कुचला म्हणतात आणि ज्यात स्ट्रिक्निन असतं. बचनागातलं विष कातडीतूनही आत जातं, खरचटलं असेल तर अधिकच, आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. हाँगकाँगच्या १९९९ च्या चिनी औषध कायद्यात या तिन्हींची कच्ची रूपं विषारी औषधांच्या परिशिष्टात आहेत. "जुनी, अस्सल कृती" म्हणून कुणी ही नावं पाठवली तर त्या अस्सलपणाला लांबूनच नमस्कार. काही जुन्या कृतींत वाघाचं हाडही असतं. त्याच्या व्यापारावर खुद्द चीननेच १९९३ मध्ये बंदी घातली.

दारू निवडा

चीनमध्ये तांदळाची दुहेरी गाळलेली दारू किंवा कडक कावल्यांग (ज्वारीची दारू) वापरतात. आपल्याकडे साधी व्होडका चालते. भारतीय बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, तेवढा कडकपणा पुरतो. वाइन किंवा बिअर नको, त्यात अर्क नीट उतरत नाही. आणि रंगकामाचं स्पिरिट तर चुकूनही नको. त्यातलं मिथेनॉल कातडीतून शरीरात जातं.

कुटा

मुळ्या जाडसर भरडायच्या. पीठ केलंत तर पुढे गाळताना रडाल. सानछी दगडासारखी असते. तिच्यावर सुरी चालवू नका, सुरीची धार जाईल आणि बोटही. लोखंडी खलबत्त्यात जुन्या कपड्यात गुंडाळून ठेचा. राळा मिक्सरमध्ये टाकण्याची चूक मी केली आहे. पात्याच्या उष्णतेने त्या वितळतात आणि भांड्याला चिकटून बसतात. ते भांडं मग चटणीसाठी परत कुणी घेतलं नाही. राळा तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग बत्त्याच्या दोन घावांत भुगा होतो. श्वेज्ये पारखायची असेल तर चिमूटभर पाण्यात टाका आणि चिमूटभर दारूत. खरी राळ पाण्यात तशीच राहते, दारूला मात्र क्षणात लालभडक करते.

मुरवा

काचेची गडद बाटली किंवा चिनीमातीची बरणी घ्या. प्लास्टिक नको. आधी भरड, वरून दारू, सगळं बुडून वर दोन बोटं दारू उरली पाहिजे. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाकळ्या आणि मुळ्या फुगतात, तेव्हा लागेल तशी दारू वाढवा. झाकण घट्ट, जागा अंधारी. पहिले पंधरा दिवस रोज हलवा, नंतर आठवड्यातून एकदा. दारू तापवून दोन दिवसांत अर्क काढायची युक्ती सांगणारे भेटतात. गॅसवर दारूची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण, त्या भानगडीत पडू नका.

सहा आठवडे ही कमीत कमी मुदत. मी तीन महिने थांबतो. वर्षभर मुरलेलं आणखी चांगलं म्हणतात, आणि बरणी उघडल्यावर येणारा वास खरोखर बदललेला असतो: आधी नुसती दारू आणि देवघरातला धूप, नंतर माती, कडूपणा आणि मागे राळेची गोडसर छटा. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा काळपट तांबडा रंग आला की दुहेरी मलमलीतून गाळा. अर्क वापरण्यापुरता छोट्या बाटलीत काढा, बाकी बरणीतच मुरू द्या.

बाटलीवर ठळक लिहा: फक्त बाहेरून लावण्यासाठी. पिऊ नये. नावात दारू आहे आणि वासही दारूचा आहे, म्हणून हे सांगावं लागतं. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

आधी मनगटावर तपासा

मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ, लाली आली तर हे औषध तुमच्यासाठी नाही. झेंडू-शेवंतीची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून, करडई त्याच कुळातली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे लावूच नये. उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ कधीच नाही.

हात आपटा, मग चोळा

पिशवी साधारण एक फूट बाय एक फूट, जाड कॅनव्हासची, मूग भरल्यावर चपटी आणि थोडी सैल. सुरुवात मुगानेच करायची. चिनी समजुतीत मूग थंड, ते हाताची उष्णता ओढून घेतात. खरं-खोटं काहीही असो, मूग गोल असतात, माराखाली सरकतात, हे नवख्या हाताला सोयीचं असतं. खडी आणि लोखंडी छर्रे फार पुढची गोष्ट, तीही शिकवणारा समोर असेल तर. मूग दोन-तीन महिन्यांत भुकटी होतात आणि पावसाळ्यात त्यांना भुंगे लागतात. बदलायचे.

आधी थोडं जाऊ दोन्ही हातांना लावून तळवे ऊबदार होईपर्यंत चोळा. पिशवी कमरेच्या थोडी खाली, भक्कम स्टुलावर. पाय फाकवून, गुडघे वाकवून उभे राहा. हात कानाच्या उंचीवरून नुसता *सोडायचा*. मारायचं नाही. ओला टॉवेल दोरीवर टाकताना हात जसा सैल असतो तसा. बरोबर पडला की 'ढप' असा बसका आवाज येतो. 'चट' वाजलं तर मनगट ताठ होतं असं समजा.

तळवा, पंज्याची पाठ, करंगळीकडची कड: प्रत्येकी दहा वेळा, दोन्ही हातांनी. पहिला महिना एवढंच. तळव्याची टाच हळूच आणि कमी. तिथे करंगळीच्या बाजूने एक रक्तवाहिनी हाडावरून जाते, आणि तिच्यावर वारंवार जोरात मार बसला तर बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो. बोटांच्या टोकांचा मार मी नवशिक्यांना सांगतच नाही.

मग पुन्हा जाऊ. तळव्यात चमचाभर घेऊन मनगटाकडून बोटांकडे, मग प्रत्येक बोट वेगळं पकडून, दोन हाडांमधल्या फटींत अंगठा फिरवत, औषध सुकेपर्यंत. इथे घाई करू नका. रोज चोळल्यावर तुमच्या हाताचा नकाशा तुम्हाला पाठ होतो: कुठे कालपेक्षा जास्त दुखतंय, कुठे गाठ आहे, कुठे सूज. जुने उस्ताद सरावानंतर तासभर तरी थंड पाण्यात हात घालू देत नाहीत. मी ते पाळतो, निदान चोळलेलं औषध तरी धुऊन जात नाही. गार मेन्थॉल असलेली तयार औषधं मात्र सरावाआधी लावू नका. ती दुखणं झाकतात, आणि आपटताना ते कळायला हवं.

पतंग आणि करडईचा डाग कपड्यावरून जात नाही. एकदा ऑफिसला जायच्या घाईत मी पांढऱ्या शर्टाची बटणं त्याच हातांनी लावली. तो शर्ट आता सरावाचा आहे.

केव्हा थांबायचं

हलकी लाली, ऊब, थोडा ठणका चालतो. हाडावर एकाच बिंदूत दुखणं, दुसऱ्या दिवशीही न उतरलेली सूज, मुंग्या, बधिरपणा, पांढरं किंवा थंड पडणारं बोट, सकाळी मूठ न मिटणं, यातलं काहीही दिसलं की सराव बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे. मोडलेल्या हाडावर जाऊ चोळत बसू नये. आधी एक्स-रे. अठराच्या आतल्या मुलांना हा सराव देऊ नका, त्यांची हाडं अजून वाढत असतात.

परंपरेत शंभर दिवसांचा सराव सांगितलाय. शंभरात एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, असंही काही जण म्हणतात. मी दर आठवड्याला एक दिवस हाताला सुट्टी देतो. त्या दिवशी पिशवी नाही, पण औषध चोळणं असतंच.

बरणी संपत आली की चोथा फेकण्याआधी त्यावर एकदा अर्धा लिटर दारू घालून पाहा. दुसरा उतारा फिका असतो, पण गुडघ्याला आणि पोटरीला चालतो. आई आता तोच मागून नेते.