बेळगावहून स्कीइंगला निघताय? प्रवास ठरवताना या चुका टाळा

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे काश्मीरच्या गुलमर्ग, उत्तराखंडच्या औली नाहीतर मनालीजवळच्या सोलंगचे बेत शिजू लागतात. आणि बहुतेक जण सुरुवात करतात ती सांब्र्याच्या विमानतळावरून दिल्लीचं विमान बघून. पहिली चूक इथंच होते. दिल्लीपर्यंतचा प्रवास सोपा आहे, अडतं ते शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरला. बर्फ पडल्यावर तिथं कुठली गाडी चालते आणि किती वाजेपर्यंत, हे आधी विचारून घ्या. मग तिथून मागं मागं येत बेळगावपर्यंतची तिकिटं काढा.

गुलमर्गचंच बघा. श्रीनगर विमानतळापासून ते साधारण ५५ किलोमीटर. वाटेतल्या टंगमर्गपर्यंत रस्ता बरा आहे, पुढचे १३ किलोमीटर चढाचे आणि वळणांचे. जोराचा बर्फ झाला की टंगमर्गला गाड्या अडवतात. चाकांना साखळ्या असलेल्या किंवा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाड्याच वर सोडतात. तुमची श्रीनगरची टॅक्सी तिथंच थांबली, तर बर्फात बॅगा उतरवायच्या, पोरांना सांभाळायचं आणि दुसऱ्या गाडीवाल्याशी भाव करायचा. अशा वेळी घासाघीस कुणाच्यानं होत नाही, मागेल ते द्यावं लागतं. म्हणून टॅक्सी ठरवतानाच दोन प्रश्न विचारा: साखळ्या आहेत का? आणि बर्फ असला तरी हॉटेलच्या दारात सोडणार, की टंगमर्गला? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

याला जोडूनच होणारी चूक मोबाइलची. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. विमानतळावर उतरून टॅक्सीवाल्याला फोन लावायला गेलं की मग कळतं. घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड हवंच.

किलोमीटरवरून तास मोजू नका

चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी हिमालयाचा नकाशा बघताना विसर पडतो. औलीला जाताना ऋषिकेश ते औलीखालचं जोशीमठ हेच सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस. रात्री पहाडी रस्त्यावर प्रवासी गाड्या सोडत नाहीत, बसही पहाटेच निघतात. त्यामुळे दुपारी ऋषिकेशला पोचून रात्री औलीत जेवू, हा हिशेब जमणार नाही. आदल्या संध्याकाळी ऋषिकेश गाठा आणि तिथं मुक्काम करा. जुने व्हिडिओ बघून जोशीमठ-औली रोपवेच्या भरवशावरही राहू नका. जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो बंद केला. वरपर्यंत रस्त्याची गाडीच धरून चाला.

मनालीला जाणारे बेळगावकर दिल्लीची वाट धरतात, कारण सगळे तेच सांगतात. पण यशवंतपूर-चंदीगड संपर्क क्रांती आपल्या स्टेशनवरून जाते. रोज नसते, पण तिचा दिवस जुळला तर चंदीगडला उतरून मनालीची बस धरता येते, दिल्लीतला खटाटोप वाचतो. गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला उतरणार असाल, तर त्याच संध्याकाळची व्होल्वो काढू नका. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात उत्तरेत गाड्या कित्येक तास रखडतात आणि बस कुणासाठी थांबत नाही. दिल्लीत एक रात्र काढलेली बरी. मनालीहून सोलंग तेरा-चौदा किलोमीटरच, पण बर्फात तिथंही फोर बाय फोरच लागते.

विमानाचं तिकीट तुकड्यांत काढणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सांब्रा-दिल्ली एका पीएनआरवर, दिल्ली-श्रीनगर दुसऱ्यावर. थोडे पैसे वाचतात खरे, पण पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं तर नुकसान तुमचंच. एकाच पीएनआरवर असेल, तर पुढचं बघणं विमान कंपनीवर येतं. स्कीचे बूट, काठ्या विकत घेऊन नेऊ नका. तिथं सगळं भाड्यानं मिळतं, आणि विमानात बहुतेक तिकिटांवर १५ किलोच चालतं.

अडकलात तर

श्रीनगरचं विमान बर्फामुळे रद्द झालं, तर काउंटरवर पैसे परत किंवा पुढचं विमान, यांतलं एक मागा, तो तुमचा हक्क आहे. घाईनं जम्मूची टॅक्सी करू नका. ज्या बर्फानं विमान अडलं, तोच रामबनजवळ महामार्गही अडवतो. त्यापेक्षा श्रीनगर-कटरा रेल्वेत जागा आहे का बघा. जून २०२५ पासून ही वंदे भारत सुरू आहे आणि सुमारे तीन तासांत कटऱ्याला पोचवते. तिथून दिल्लीच्या गाड्या मिळतात.

परतीची शेवटची रात्र गुलमर्गला काढू नका, श्रीनगरला काढा. औलीवाल्यांनी ऋषिकेशला. माझं विचाराल तर आई-वडील आणि लहान पोरं बरोबर असतील तर गुलमर्गच निवडा, रस्त्याचे तास सगळ्यात कमी तिथंच. औली फक्त जाता-येता एकेक दिवस हाताशी असेल तरच. आणि गल्लीत कुणी फौजी असेल, आपल्याकडे असतोच, तर त्याला जाऊन विचारा: जानेवारीत तो रस्ता किती वाजता बंद होतो?