वसतिगृहाच्या मेसचा ओला कचरा पावसाळ्यातही कुजवा

गोव्यात कंपोस्ट बिघडते ते जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्याची तयारी फेब्रुवारीतच करावी लागते. कॅम्पसवरची काजू-आंब्याची वाळलेली पाने जाळू नका. पोत्यांत भरून छपराखाली ठेवा. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय ढीग सडतो.

जागा छपराची, जमिनीपासून वीतभर उंच. एक मीटर लांब, रुंद, उंच असा जाळीचा हौद पुरतो. तळाला नारळाच्या सोडणांचा थर द्या, पाणी निथळते. मग एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या पाला. आमटी-कढीचे पाणी आधी गाळून घ्या. मासळीचे काटे मधोमध पुरा. वर राहिले तर मांजरे, कुत्री आणि माश्या येणारच.

दर चार-पाच दिवसांनी ढीग उलटा. मूठभर घट्ट पिळून पाहा: एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला वाढवा. नाकात झोंबणारा वास म्हणजे ओला कचरा जास्त. कुजकट वास म्हणजे हवा कमी. ढीग नीट तापला तर मध्यभागी ५५ ते ६० अंश सेल्सिअस असतात. तापतच नसेल तर बहुतेक वेळा ढीग लहान असतो. साधारण दोन-तीन महिन्यांत खत काळे, भुसभुशीत होते; मातीचा वास आल्यावरच झाडांना घाला.

कचऱ्यासोबत वसतिगृहाची वीजही वाचवायची असेल, तर ते काम त्यामानाने सोपे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दहा तास चालणारे पंखे आधी बदला. एसी २४ वर, सोबत पंखा.