ईसीयू रिमॅप करायचाय? आधी गाडी तपास, मग लॅपटॉप उघड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याबी गॅरेजला चहाला थांब, कोणतरी डिझेल स्विफ्ट नाहीतर थार घेऊन "रिमॅपचं किती पडतील" विचारत उभा असतोयच. रिमॅप म्हणजे ईसीयूतलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, आणि त्या सॉफ्टवेअरलाच फाइल म्हणतात. पैसे सगळे विचारतात, फाइल कोण लिहिणार हे कोणच विचारत नाही. फ्लॅश मारणं, म्हणजे ती फाइल ईसीयूत भरणं, हे वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे भावा, गाडी टिकणार का इंजिन खोलावं लागणार हे त्याच्या आधीच ठरलेलं असतंय, म्हणून तेच जास्त लिहितो.

पहिलं म्हणजे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली पेट्रोल गाडी असेल तर नाद सोड. हवा तेवढीच आत जाणार, मग मॅप (फाइलमधले आकड्यांचे तक्ते) बदलून वाढून वाढून किती वाढणार, जरा पॅडलला झटका आल्यासारखा वाटतोय एवढंच. त्या पैशात टायर घे. टर्बो डिझेलला मात्र खरंच फरक पडतोय, कारण कंपनीनं बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), डिझेल आणि टॉर्क (ओढायची ताकद) ह्याच्यावर मर्यादा ठेवून गाडी दिलेली असते. स्विफ्टचं 1.3 डीडीआयएस डिझेल इंजिन घे, 75 पीएस पॉवर आणि 190 एनएम टॉर्क, ह्याला साधा स्टेज वन (पार्ट न बदलता नुसती फाइल) केला तरी मधल्या आरपीएमला गाडी बदलल्यासारखी ओढते. पण कंपनीनं ती मर्यादा उगाच ठेवलेली नाही, क्लच, टर्बो, इंजेक्टर सगळं त्या हिशोबानं बसवलंय.

म्हणून आधी तपासणी. क्लच बघायची सोपी पद्धत: मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला साधारण 1500 आरपीएमला ये आणि पॅडल पूर्ण दाब. आरपीएम वर पळतोय आणि स्पीड जागेवर आहे असं झालं तर क्लच घसरतोय, वरून टॉर्क वाढवलास तर महिनाभरात जळका वास येणार. मग इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) पाइप हातानं चाचपून बघ, क्लॅम्पच्या बाजूला तेलकट काळं चिकटलेलं दिसलं तर तिथनं बूस्ट लीक आहे. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घे, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न लाइनला (उरलेलं डिझेल परत नेणारी नळी) छोटी बाटली लावायची, गाडी काही मिनिटं आयडलला ठेवायची आणि चारी बाटल्या शेजारी शेजारी धरायच्या. एकीत बाकीच्यांपेक्षा डबल डिझेल दिसलं की तो इंजेक्टर गेला समज. आधी तो कर, रिमॅप नंतर. जुनं दुखणं फाइलनं बरं होत नाही, उलट वाढतंय.

आता लॉग, म्हणजे गाडी पळताना सेन्सरचे आकडे नोंदवून ठेवणं. ईएलएम 327 चा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर चालतोय, पण फक्त वाचायला, त्यानं फ्लॅश मारायचा विचार पण करू नको. स्टॉक (रिमॅप न केलेल्या) गाडीवर एक फुल पॅडल पुल (पॅडल पूर्ण दाबून एक ओढ) मारून रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब), बूस्ट, एअर फ्लो आणि कूलंट टेम्परेचर सेव्ह करून ठेव. ईसीयूनं मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट दोन्ही दिसत असतील तर अजून बरं. हे नसेल तर नंतर "गाडी भारी पळायला लागली" ह्याच्यापलीकडं तुझ्याकडं काहीच पुरावा नसतोय.

फाइलवाल्याला विचारायचे प्रश्न असे: माझ्याच ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर वाचून त्यावर फाइल करणार का पेनड्राइव्हमधली कुणाचीतरी मारणार? मूळ फाइल मला देणार का? स्मोक लिमिटर (काळा धूर होऊ नये म्हणून डिझेलवर ठेवलेली मर्यादा) आणि टॉर्क लिमिटर किती हलवणार? तिसऱ्या प्रश्नाला जो गोल गोल बोलतोय त्याच्याकडनं उठून यायचं. मॅप एकमेकात अडकलेले असतात, पॅडलवरनं टॉर्क मागितला जातो, टॉर्कवरनं डिझेल ठरतं, मग हवा किती आली ते बघून स्मोक लिमिटर डिझेल कापतोय, आणि नुसतं डिझेल वाढवून बूस्ट तसंच ठेवणारे कलाकार लई आहेत. ती गाडी ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखा धूर सोडते आणि टर्बोला एक्झॉस्टची उष्णता झेपत नाही.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) बंद करून देतो म्हणणारे पण भेटतील. बीएस 6 गाडीला तर अजिबात नको, ते बेकायदेशीर आहे. साध्या पॉवर वाढीला पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्यावरचं बंधन) आडवं येऊ शकतं, वॉरंटी जाते, आणि इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. हे मान्य असेल तरच पुढं वाच.

फ्लॅशच्या दिवशी सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे व्होल्टेज. स्टेअरिंगखालच्या 16 पिनच्या ओबीडी (स्कॅनर जोडायच्या) सॉकेटमध्ये 16 नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस असतोय, 4 नंबरला ग्राउंड, तिथं मीटर लावून बघ. इग्निशन ऑन असताना 12 च्या खाली सरकत असेल तर थांब. बॅटरीला स्टॅबिलाइज्ड सप्लाय लाव, 13 ते 13.5 व्होल्टला स्थिर राहणारा, साधा गॅरेजचा चार्जर नको कारण त्याचं व्होल्टेज नाचतंय. एसी, ब्लोअर, हेडलाइट, म्युझिक बंद. लॅपटॉपचा स्लीप मोड आणि अपडेट बंद, आणि सप्लाय इन्व्हर्टरवर, मधेच लाइट गेली तर महावितरणला शिव्या घालून ईसीयू परत येत नाही.

आधी रीड (जुनी फाइल वाचून घेणं), मग राइट (नवीन भरणं). बऱ्याच नव्या बॉश ईसीयूत ओबीडीवरनं पूर्ण रीड होतच नाही, टूल (फ्लॅश मारायचं यंत्र) सॉफ्टवेअर नंबर बघून सर्व्हरवरनं स्टॉक फाइल आणतंय. तसं असेल तर ट्यूनरला, म्हणजे फाइलवाल्याला, स्पष्ट विचार. पूर्ण बॅकअप हवा असेल तर ईसीयू काढून बेंचवर (गाडीबाहेर टेबलावर) वाचावा लागतो. चेकसम (फाइल बरोबर आहे का पडताळणारा आकडा) टूल दुरुस्त करतंय का ते पण बघ, नाहीतर गाडी स्टार्टच होणार नाही. राइट चालू असताना फॅन फुल फिरेल, डॅशवर सगळे दिवे लागतील, घाबरून चावीला हात लावायचा नाही. मधेच अडकलं तरी वायर ओढू नको, टूलमध्ये रिकव्हरी असते. झालं की चावी बंद, काही मिनिटं थांब, एरर क्लिअर कर, मग स्टार्ट.

टेस्टला जोतिबाचा चढ जवळ पडतो, फक्त रविवारी नको. खरी परीक्षा मात्र साखरप्याकडनं आंबा घाट चढताना होते, पाच माणसं आणि एसी चालू. परत तोच लॉग घे आणि जुन्याशेजारी ठेव. मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं ह्यात फट वाढली असेल, कूलंट चढतंय किंवा आरशात काळा धूर दिसतोय, तर फाइल खाली आणायला सांग. चांगला ट्यूनर कुरकुर न करता दुरुस्त करतो.

मूळ फाइल मेलवर आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडं ठेव. आणि सर्व्हिस सेंटरनं सॉफ्टवेअर अपडेट मारला तर ट्यून पुसला जातो, तेव्हा जुनीच ट्यून केलेली फाइल परत मारायची नाही. सॉफ्टवेअर नंबर बदललेला असू शकतो, परत रीड करून त्याच्यावर नवीन करून घ्यायची.