वरच गोंधळ असेल तर खाली काम कसं करायचं

आधी एवढं बघा की तुमचा बॉस त्रास द्यायचा म्हणून देतोय की त्याला माणसं सांभाळणं जमतच नाहीये, कारण दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत. बऱ्याचदा दुसरंच असतं. चांगलं काम करणाऱ्याला प्रमोशन मिळत जातं आणि शेवटी तो अशा खुर्चीत बसतो जिथलं काम त्याला येत नाही, याला पीटर प्रिन्सिपल म्हणतात, नाव १९६९ पासूनचं आहे, ऑफिसं तशीच आहेत. असा माणूस निर्णय टाळतो, घेतला तर फिरवतो आणि फिरवला हेच विसरतो. जो चारचौघांत अपमान करतो किंवा तुमचं काम स्वतःच्या नावावर खपवतो त्याच्यापुढे खालचं फारसं चालणार नाही, तिथे सरळ निघायची तयारी करा.

गोंधळलेल्या बॉससाठी पहिला उपाय म्हणजे तोंडी बोलणं लेखी करून घेणं. माझ्या एका बॉसने सोमवारी सांगितलं रिपोर्ट थांबव, गुरुवारी सगळ्यांसमोर विचारलं रिपोर्ट कुठाय, मी म्हटलं तुम्हीच थांबवायला सांगितलंत, तर म्हणे "मी असं कधी म्हणालो?" आणि सोमवारी तिथेच बसलेले चौघं लॅपटॉपमध्ये डोकं घालून गप्प. तेव्हापासून मीटिंग संपली की लगेच मेल टाकायचो, "आत्ता बोलल्याप्रमाणे रिपोर्ट थांबवतोय, आधी डेमो करतोय, रिपोर्ट पुढच्या बुधवारी देतो, काही बदल असेल तर कळवा." बस. टोमणे नकोत, हायलाइट नको. उत्तर नाही आलं तरी चालतं, तारखेसकट नोंद राहिली ना.

सगळंच अर्जंट असेल तर "काय करू" असं मोकळं विचारू नका, "दोन्ही कर" हेच ऐकायला मिळेल. "आज यातलं एकच होईल, कुठलं घेऊ?" असं विचारा. तरी दोन्ही म्हणाला तर वेळ सांगून मोकळे व्हा, हे आज संध्याकाळपर्यंत, ते उद्या दुपारी.

आणि रात्री जागून वरच्यांचा घोळ निस्तरत बसू नका, हे मला कळायला दोन वर्षं गेली. तुम्ही दरवेळी सावरून घेतलंत की वर सगळं आलबेल दिसतं आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कमी दिवसांत काम मागितलं जातं. उशीर होणार हे आधी सांगा, मग होऊ द्या.

बॉसच्या बॉसकडे जायचं असेल तर शक्यतो एकटे जाऊ नका, आणि "याला काही येत नाही" हे घेऊन तर नकोच. तीन आठवड्यांत चारदा प्लॅन बदलला, डेमो दोनदा पुढे गेला, असं बोला. एचआरकडून जास्त अपेक्षा नको, त्यांचा पगार कंपनीच देते.

आपण काय काय केलं याची तारखेसकट नोंद स्वतःच्या वहीत ठेवा, अप्रेझलला आणि सीव्हीला दोन्हीकडे लागते. कंपनीच्या फायली मात्र घरी नेऊ नका, उगाच तुम्हीच अडकाल.

सोबत कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांपुढची एक तारीख टाका, तोपर्यंत काही हललं नाही तर इंटरव्ह्यू सुरू. तिथे "का सोडताय" विचारलं की बॉसपुराण लावू नका. मी एकदा लावलं होतं, समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवून वीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं, मग "कळवतो" म्हणाल्या, अजून कळवताहेत.