छोट्या टेबलावरची अमेरिकन रेल्वे: गाड्या जमवताना या चुका टाळा

प्लायवूडचा अख्खा तक्ता चार बाय आठ फुटांचा मिळतो, म्हणून अमेरिकेत घरगुती मॉडेल रेल्वेची, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतीची, सुरुवात पिढ्यान्‌पिढ्या याच मापाने होत आली आहे. न्यू जर्सीत आम्ही राहतो त्या घराला तळघर नाही. मुलगी कॉलेजला गेली, तिची खोली रिकामी झाली आणि खिडकीखाली असाच एक तक्ता मी मांडला. त्याला आता दहा वर्षं झाली. या काळात माझे जे पैसे वाया गेले, त्यातले बहुतेक एकाच कारणाने गेले. गाडी आधी घेतली आणि ती टेबलावर मावते का हे नंतर पाहिलं.

इंजिन आवडण्याआधी वळण मोजा

अमेरिकेत सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी गाडी, आणि दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. चार फूट रुंदीच्या तक्त्यावर १८ इंच त्रिज्येचं वळण आरामात बसतं. २२ इंचांचं बसतं, पण रूळ अगदी काठाशी येतात. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन इंच उरतात, म्हणून तिथे कडेला पट्टी ठोकावीच लागते. रुळावरून उतरलेलं इंजिन थेट फरशीवर पडलं तर दुरुस्तीला काही उरत नाही.

आता युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं ‘बिग बॉय’ हे अवाढव्य वाफेचं इंजिन घ्या. १९४१ ते १९४४ या काळात अशी फक्त २५ इंजिनं बांधली गेली. त्यातलं ४०१४ क्रमांकाचं २०१९ मध्ये पुन्हा रुळावर आलं, तेव्हापासून प्रत्येकाला ते घरी हवं असतं. एचओमध्ये टेंडरसकट (इंधन-पाण्याच्या जोडडब्यासकट) त्याची लांबी भरते १८ इंचांहून थोडी जास्त. काही मॉडेल्समध्ये चाकांचे दोन्ही संच वळतात, त्यामुळे ते २२ इंचांच्या वळणावरून जातंही. पण बॉयलरचं नाक रुळाबाहेर इतकं झुकतं की शेजारच्या रुळावरची वाघीण आणि बोगद्याचं तोंड, दोन्हीला ते घासतं. पेटीवर ‘किमान त्रिज्या १८ इंच’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ ‘रुळावरून उतरणार नाही’ एवढाच घ्यायचा.

इथले अनुभवी लोक एक साधा हिशेब सांगतात आणि मला तो प्रत्येक वेळी खरा ठरलेला दिसला आहे: वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट हवी. ४० फुटी मालडबा एचओमध्ये साडेपाच इंच होतो. त्याची तिप्पट साडेसोळा, म्हणजे १८ इंचांचं वळण चालतं. ५० फुटी डबा सात इंचांचा, त्याला २१ लागतात, म्हणून २२ चं वळण. आणि ८५ फुटी चंदेरी प्रवासी डबा? तो होतो पावणेबारा इंच, त्याला ३५ इंचांची त्रिज्या हवी. म्हणजे टेबल सहा फुटांहून रुंद पाहिजे. तेवढं टेबल खोलीत ठेवलं तर पलीकडच्या काठापर्यंत हात पोचत नाही.

म्हणून छोट्या टेबलासाठी माझी निवड ठरलेली आहे: चार आसांची डिझेल इंजिनं आणि ४० ते ५० फुटी वाघिणी. एसडब्ल्यू१५०० सारखं यार्डात शंटिंग करणारं, म्हणजे डबे इकडून तिकडे लावणारं, इंजिन एचओमध्ये सहा इंचांच्या आसपास येतं. जीपी७ हे १९४९ ते १९५४ मध्ये बांधलेलं इंजिन पावणेआठ इंच. अल्को कंपनीचं आरएस-३ सुद्धा याच घरातलं. ही इंजिनं खरोखरच लहान गावांच्या फाट्यांवर, गिरण्या आणि गोदामांच्या सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळांवर, काम करत होती. टेबलावर ती ओढूनताणून आणलेली वाटत नाहीत.

लांब गाड्यांचीच हौस असेल तर एन हे माप बघा. प्रमाण एकास १६०, रुळांतलं अंतर नऊ मिलिमीटर. इथे पुष्कळ जण ८० इंच लांबीचं पोकळ दार विकत आणतात, आडवं ठेवतात आणि त्यावरच एनची रेल्वे मांडतात. ३६ इंच रुंदीच्या दारावर १५ इंच त्रिज्या बसते. एचओच्या हिशेबात ती २७ इंचांहून जास्त झाली. चाळिशी ओलांडलेल्यांनी मात्र आधी एनचा एक कपलर, म्हणजे डबे जोडणारा भाग, हातात घेऊन बघावा. त्यातली स्प्रिंग डोळ्याच्या पापणीच्या केसाएवढी असते.

दशक ठरवल्याशिवाय दुसरी वाघीण घेऊ नका

जमवाजमव करताना रंग भुरळ घालतात, आणि अमेरिकन कंपन्यांचे रंग आहेतच तसे. पण खऱ्या रेल्वेत कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या. पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल १९६८ मध्ये एकत्र येऊन पेन सेंट्रल झाली. ती बुडाली, आणि तिच्यासह इतर दिवाळखोर कंपन्या मिळून १ एप्रिल १९७६ ला कॉनरेल सुरू झाली. १९९९ मध्ये कॉनरेलचे बहुतेक मार्ग नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स यांच्यात वाटले गेले. माझं टेबल म्हणजे १९७८ सालचं उत्तर न्यू जर्सी. हे वर्ष निवडण्यामागे कारण आहे. कॉनरेलला सगळी इंजिनं निळी रंगवायला काही वर्षं लागली, तोवर जुन्या कंपन्यांच्या रंगांतली इंजिनं नाव-नंबर बदलून तशीच धावत होती. त्यामुळे थोड्या गाड्यांतसुद्धा रंगांची विविधता मिळते आणि इतिहासही चुकत नाही.

वाघीण कोणत्या काळातली हे तिच्याच अंगावर लिहिलेलं असतं. एका बाजूला, वजनाच्या आकड्यांजवळ, तांदळाच्या दाण्याहून लहान अक्षरांत ‘बीएलटी’ आणि पुढे महिना-साल असतं. बीएलटी ६-५७ म्हणजे जून १९५७ मध्ये बांधलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डला अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं प्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस भरतं. तिथे गर्दीत मी धान्याची एक राखाडी वाघीण घेतली. घरी दिव्याखाली भिंग लावून वाचलं तर ३-९५. माझ्या गावात ती सतरा वर्षं आधी पोचली होती. तेव्हापासून छोटं भिंग कोटाच्या खिशात असतं.

भिंग नसेल तरी काही खुणा लांबून दिसतात. छपरावर चालण्याची फळी असेल तर डबा जुन्या धाटणीचा, कारण १९६६ पासून नवे मालडबे तिच्याशिवाय बनू लागले. बाजूला रंगीत पट्ट्यांची छोटी उभी पाटी असेल तर ती १९६७ ते १९७७ या काळातली, गाड्या यंत्राने ओळखण्याच्या प्रयोगाची खूण. शेवटी गार्डचा डबा, म्हणजे कबूस, लावायची तर गाडी साधारण १९८० च्या दशकाच्या मध्याआधीची हवी. आणि नावाची अक्षरं एक्सने संपत असतील तर ती वाघीण रेल्वे कंपनीची नसून खासगी मालकाची. अशी वाघीण कुठल्याही कंपनीच्या गाडीत शोभते, म्हणून सुरुवातीला दोन-तीन जरूर घ्या.

गाडी उतरते, सुटते, थांबते

बिघाड शोधताना पहिला प्रश्न एकच: सगळीकडे तीच वाघीण उतरते, की एकाच जागी सगळ्या उतरतात? तीच वाघीण असेल तर दोष तिच्यात, जागा तीच असेल तर दोष रुळात. हे न तपासता रूळ उखडणारे मी पाहिले आहेत.

वाघिणीत दोष असेल तर आधी चाकं मोजा. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संस्था १९३५ पासून मापं ठरवते. तिची हाताच्या पंजाएवढी धातूची मापपट्टी मिळते. तिच्या खाचांत चाकं नीट बसली पाहिजेत. बसली नाहीत तर आसावर हलकेच फिरवत आत-बाहेर करा. मग वजन. एचओसाठी संस्थेचा हिशेब आहे एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची वाघीण चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम भरली पाहिजे. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. हलकी निघाली तर आत तळाशी वजन चिकटवा. रिकामी दिसणारी उघडी वाघीण जड करणं अवघड, ती गाडीच्या शेवटी लावा.

जुन्या गाड्यांचे कपलर बदलून टाका, यावर घासाघीस करू नका. पूर्वीच्या संचांत आकड्यासारखे प्लॅस्टिकचे कपलर येत, ते आजच्या मुठीसारख्या कपलरला जुळत नाहीत. कॅडी कंपनीचे धातूचे कपलर बसवा आणि त्यांचंच उंचीचं माप रुळावर ठेवून प्रत्येक वाघीण एकदा तपासा. कपलरच्या खाली लोंबणारी वाकडी तार रुळापासून थोडी वर हवी, नाहीतर ती सांध्यात, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, अडकते.

माझ्याकडे गाडी नेमकी खिडकीजवळ तुटायची. रोज वेगळी वाघीण, पण जागा तीच. कपलर बदलले, काही फरक पडला नाही. शेवटी दिवे बंद केले, रुळाच्या रेषेत डोळा टेकवला आणि पलीकडून टॉर्च लावला. दोन फळ्यांच्या जोडावर रूळ किंचित खचला होता, बोटाला लागणारही नाही इतका. तिथे पुढची वाघीण नाक खाली घालायची, मागची वर असायची, आणि कपलर एकमेकांवरून उभे सरकून सुटायचे. व्हिजिटिंग कार्डाचे दोन तुकडे स्लीपरखाली सरकवले. त्या जागी गाडी परत तुटली नाही.

इंजिन थांबतं तिथेही प्रश्न तोच. कुठेही थांबत असेल तर त्याची चाकं मळली आहेत. ठरावीक जागी थांबत असेल तर रुळाचा जोड सैल आहे. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपांवर वीज सोडून देऊ नका. दर तीन फुटांवर तरी खालून वायर आणून रुळाला डाग द्या. छोट्या इंजिनांची एक अडचण मात्र खरी आहे. त्यांची चाकं जवळजवळ असतात, म्हणून सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ती अडतात. सांधे घेतानाच तो तुकडा धातूचा असलेले आणि त्याला वीज देता येईल असे घ्या. रूळ पुसायला कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. सँडपेपरने चरे पडतात आणि चऱ्यांत मळ लवकर बसतो. तारेचा काथ्या तर टेबलाजवळ आणूच नका, त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात.

हवेचंही बघा. इथे हिवाळ्यात हीटर सुरू झाले की लाकूड सुकतं, आकसतं, रुळांना जागा उरत नाही आणि ते बाजूला फुगतात. जोडांत कार्डाच्या जाडीची फट ठेवा आणि लाकूड आधी सगळ्या बाजूंनी रंगवा. कोकणात किंवा मुंबईत हाच खेळ पावसाळा आणि उन्हाळ्यात होतो.

विकत घेताना

लायोनेल या अमेरिकन खेळणी-कंपनीचं जुनं इंजिन कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावरून निघतं आणि स्वस्तात मिळतं. ते तीन रुळांवर, एसी विजेवर चालतं. तुमच्या दोन रुळांच्या डीसी टेबलावर त्याचा उपयोग नाही. लंडनहून भाऊ हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीची गाडी आणतो, ती एचओच्याच रुळांवर धावते, पण प्रमाण एकास ७६ चं असल्याने अमेरिकन डब्यांशेजारी दार-खिडक्यांची उंची खटकते.

डीसीसी म्हणजे प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येणारी डिजिटल पद्धत. ‘डीसीसी रेडी’ लिहिलेल्या इंजिनात डीकोडर (तिचे आदेश ओळखणारी चिप) नसतो, फक्त तो बसवायची जागा असते. त्याचे पैसे वेगळे पडतात. जुन्या इंजिनात डीकोडर घालणार असाल तर मोटरची एक बाजू धातूच्या सांगाड्याला जोडलेली नाही ना, हे आधी मीटरने बघा. जोडलेली असेल आणि तसाच बसवलात तर डीकोडर पहिल्याच मिनिटाला जळतो.

सेकंडहँड इंजिन चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. सावकाश चालवा आणि कान द्या. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा ‘टक’ वाजत असेल तर आसावरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तडकलं आहे. चाक मिळत असेल तर दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे, मिळत नसेल तर इंजिन शोभेचं. धातूच्या सांगाड्यावर बारीक भेगा आणि फुगवटे दिसले तर मात्र हात लावू नका. जस्ताच्या ओतकामात शिशासारख्या धातूची भेसळ राहिली की ते वर्षानुवर्षं आतून फुटत जातं, त्यावर इलाज नाही.

भारतात पाठवायचं असेल तर रुळांना वीज देणाऱ्या पॉवर पॅकच्या मागचं लेबल वाचा. माझ्या आत्येभावाने इथला १२० व्होल्टचा पॅक ठाण्यात थेट भिंतीत लावला. दोन सेकंदांत वास आला, आणि पोराचा वाढदिवस गाडी हाताने ढकलत झाला. लेबलवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तरच बिनधास्त लावा, नाहीतर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच.

जागा अगदीच नसेल तर गोल रूळ सोडून द्या. ब्रिटनच्या अ‍ॅलन राइट यांची इंगलनूक ही शंटिंगची मांडणी इथेही खूप जणांकडे आहे: एक इंजिन, आठ वाघिणी, दोन सांधे आणि पाच, तीन, तीन वाघिणी मावतील अशा तीन सायडिंग. चिठ्ठ्या काढून त्यातल्या पाच वाघिणी ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात. ४० फुटी डब्यांची एचओतली इंगलनूक सुमारे सात फुटांच्या, एक फूट रुंद फळीवर बसते. तिला वळणच नसतं, त्यामुळे तिप्पटीचा हिशेब करावा लागत नाही. माझ्या टेबलावर गाडी गोल फिरते तेव्हा मुलगी दोन मिनिटं बघते. भिंतीवर मी लावलेल्या अशाच एका फळीवर मात्र थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती रात्री साडेबारापर्यंत चिठ्ठ्या काढत बसली होती.